फॉरमॅट मारला आणि...

नवी एक्स्टर्नल हार्ड डिस्क, आयुष्यातलं पहिलं फॉरमॅटिंग आणि जेमतेम दहा मिनिटांचं काम. त्या दहा मिनिटांत आमच्या घराण्याची चाळीस वर्षं गायब झाली. ती परत आणायला तीन आठवडे लागले, आणि एक रिटायर्ड तलाठी!

'फॉरमॅट मारणे' हा आपल्या पिढीचा खास वाक्प्रचार. फोन हँग होतोय? फॉरमॅट मार. लॅपटॉप रडतोय? फॉरमॅट मार. ब्रेकअप झालंय? डोकं फॉरमॅट मार आणि चल चहाला! हा सल्ला मी आजवर कितीतरी जणांना अगदी फुकट वाटलाय. पण खरं सांगू? स्वतःच्या हाताने मी कधीच काही फॉरमॅट केलं नव्हतं. मास कॉमला असताना वर्गात एखादा 'कॉम्प्युटरवाला' मुलगा असायचाच. त्याला एक वडापाव खिलवला की तो ते करून द्यायचा. आपण फक्त 'झालं का रे?' विचारायचं.

यंदा फेब्रुवारीत मात्र ही वेळ माझ्यावर आली. आणि मी अशी काही माती खाल्ली, की म्हटलं हे छापूनच टाकावं. निदान तुम्ही तरी शहाणे व्हाल!

काळा डबा नंबर दोन

आधी थोडा फ्लॅशबॅक. माझ्याकडे एक जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. २०१६ मध्ये कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घेतलेली. काळी, खिशात मावणारी, एका कोपऱ्यावर चेपलेली. तिच्यात डॉक्युमेंटरीचं फुटेज, पिक्चर, ट्रिपचे फोटो असा सगळा पसारा. आणि एक फोल्डर, 'आजी ७५'.

२०१८ च्या दिवाळीत आजीची पंच्याहत्तरी होती. तेव्हा मी आणि माझ्या चुलतभावाने चिपळूणच्या घरातले सगळे अल्बम स्कॅन केले. शंभर फोटोंमागे एक आइस्क्रीम, असा करार होता. त्याची चौदा आइस्क्रीम झाली, म्हणजे फोटो चौदाशेच्या वर. प्रत्येक फाइलला आजी शेजारी बसून नाव सांगायची. 'मोठ्या आत्याचं केळवण', 'बाबांची पहिली बदली, दापोली', 'वाड्यातली विहीर'. आम्ही टाइप करायचो. जाम कंटाळा यायचा. पुढे २०२० मध्ये आजी गेली.

आणि मग २२ जुलै २०२१. तो दिवस चिपळूणच्या कुणालाच विसरता येणार नाही. वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, आमच्या तळमजल्यावर छातीपर्यंत आलं. आई-बाबा वरच्या मजल्यावर सुखरूप होते, पण अल्बमचं कपाट खाली होतं. पाणी ओसरल्यावर बाबांनी एकेक फोटो सोडवून पडवीत वर्तमानपत्रावर वाळत घालायचा प्रयत्न केला. पण जुन्या फोटोंवर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्यात फुगतो, मऊ होतो आणि सुकताना शेजारच्या कागदाला घट्ट चिकटतो. अल्बमच्या अल्बम विटेसारखे जाम झाले होते. चिखलासोबत तेही ट्रॉलीत गेले.

त्या दिवसापासून पुण्यातल्या माझ्या टेबलाच्या खणात पडलेला तो चेपका काळा डबा म्हणजे आमचा एकुलता एक अल्बम झाला. मला हे कळत होतं का? कळत होतं. मी काही केलं का? छे! पाच वर्षं नुसतं 'बॅकअप घ्यायला हवा' म्हणत राहिले. फेब्रुवारीत डिस्क लावल्यावर आतून बारीक टकटक ऐकू आली, तेव्हा कुठे धाबं दणाणलं आणि एक टीबीची नवी डिस्क मागवली.

दोन डबे, एक नाव

नवी डिस्क आली. त्याच कंपनीची, तशीच काळी. माझा सेकंडहँड मॅकबुक आहे. त्याला डिस्क लावली, फाइल ओढून टाकायला गेले तर टाकूच देईना! उघडतेय, आतलं दिसतंय, पण पेस्ट होत नाही. म्हटलं, डिफेक्टिव्ह पीस आला.

पीस ठणठणीत होता. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच डिस्क कारखान्यातूनच विंडोजसाठी तयार होऊन येतात. त्यांच्यावर एनटीएफएस नावाची रचना असते. मॅक ती वाचतो, पण स्वतःहून तिच्यावर लिहीत नाही. उपाय एकच, आपल्याला हवं तसं फॉरमॅट करणं.

मॅकमध्ये त्यासाठी 'डिस्क युटिलिटी' असते. आणि गंमत बघा, तिथे 'फॉरमॅट' नावाचं बटणच नाही. सरळ 'इरेज' लिहिलंय. म्हणजे मॅक बिचारा स्पष्ट सांगतो की बाई, पुसणार आहे हं. पण आपण वाचतो कुठे? आपण ओके दाबणारी माणसं!

डावीकडच्या यादीत दोन डिस्क दिसत होत्या. 'आधी फॉरमॅट, मग लगेच कॉपी' या उत्साहात मी दोन्ही एकदम लावून ठेवल्या होत्या. आणि कंपनी एकच असल्यामुळे दोघींचं नावही एकच. मी एकीवर क्लिक केलं, मोठ्या प्रेमाने नवं नाव टाइप केलं, 'चिपळूण बॅकअप', आणि दाबलं इरेज. दहा सेकंदांत हिरवी टिकमार्क. इतकंच? यासाठी आपण त्या मुलाला वडापाव खिलवायचो?

मग लॅपटॉपवरचं कामाचं फुटेज त्या 'नव्या' डिस्कवर टाकायला सुरुवात केली. चहा करून आले तोवर ४० जीबी गेले होते. आता जुनी उघडू म्हटलं. उघडली. आत काय, तर कंपनीची एक पीडीएफ आणि एक सेटअप फाइल. बाकी सगळं रिकामं. खाली लिहिलेलं, क्षमता एक टीबी.

जुनी डिस्क तर ५०० जीबीची होती ना?

पुढची दोन मिनिटं मला नीटशी आठवत नाहीत. फ्लॅटमेट सांगते, मी 'नाही नाही नाही' एवढंच म्हणत होते. एक गोष्ट मात्र नशिबाने बरोबर केली. कॉपी थांबवली, डिस्क इजेक्ट करून काढली आणि तिला पुन्हा हात लावला नाही.

सातबारा गेला, जमीन गेली नाही

सदाशिव पेठेत एक दादा कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, एसएसडी आहे की फिरणारी?" म्हटलं, टकटक करते. "मग आशा आहे," दादा म्हणाले. "आता यावर काहीही लिहायचं नाही. एक फोटोसुद्धा नाही."

घरी सांगायला मी दोन दिवस लावले. बाबा तीस वर्षं तलाठी होते. कॉम्प्युटर त्यांच्या निवृत्तीच्या सुमाराला आले, त्यामुळे त्यांना या विषयातलं काही कळत नाही, अशी माझी ठाम समजूत. फोनवर मी रडतरडत सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "गो, आधी सांग, तू नक्की पुसलंस काय?"

दादांनी मला जे समजावलं होतं, ते मी सांगायला लागले. डिस्कवर दोन गोष्टी असतात. एक म्हणजे खरा डेटा, फोटोचे बारीक बारीक तुकडे, डिस्कभर विखुरलेले. दुसरी म्हणजे यादी. कुठल्या नावाची फाइल, तिचे तुकडे कुठे कुठे, कुठली जागा रिकामी, याची नोंद. फॉरमॅट केलं की ही यादी नवी कोरी होते. तुकडे जिथल्या तिथे पडून राहतात. फक्त ती जागा आता रिकामी आहे, असं कॉम्प्युटर समजतो.

"म्हणजे सातबारा फाडलास," बाबा म्हणाले. "जमीन आहे ना जागेवर?"

मी गप्प.

"मग जमिनीवर कोणी घर बांधायच्या आत मोजणी करून घ्या."

मंडळी, फॉरमॅटिंगची यापेक्षा सोपी व्याख्या मला अजून सापडलेली नाही! त्यांनी तर पुढचंही लावून टाकलं. डिस्कचं पार्टिशन म्हणजे जमिनीचे हिस्से. फाइल सिस्टीम म्हणजे तलाठ्याचं दप्तर, कुठल्या पद्धतीने नोंदी ठेवायच्या ते. आणि मी जे ४० जीबी वर टाकले, ते अतिक्रमण. तेवढ्या जागेवरचं जुनं काही परत मिळणार नाही. जुन्या दप्तराचाही बराच भाग त्याच अतिक्रमणाखाली गेला होता, असं नंतर कळलं.

इथे एक भेद नीट लक्षात ठेवा. हे झालं 'क्विक फॉरमॅट'चं. विंडोजमध्ये त्या नावापुढची टिक काढली की होतो 'फुल फॉरमॅट'. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, हा फुल फॉरमॅट डिस्कवर या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं लिहीत जातो. त्याला काही तास लागतात, आणि मग जमीनच नांगरली जाते. एसएसडीचं दुखणं वेगळं. तिच्यात 'ट्रिम' नावाची सोय असते. ही जागा आता नको, असं कॉम्प्युटरने सांगितलं की ती आपणहून साफसफाई करते. म्हणून एसएसडीवर क्विक फॉरमॅटनंतरही बहुतेकदा हाती काही लागत नाही. माझी डिस्क जुनी, फिरणारी, टकटकणारी होती म्हणून मी वाचले. एरवी तिला किती नावं ठेवली असतील!

एनटीएफएस, एक्सफॅट... भानगड काय?

सापडलेले फोटो त्याच डिस्कवर ठेवून चालत नाही, नाहीतर पुन्हा अतिक्रमण. म्हणजे नव्या डिस्कला फॉरमॅट करणं आलंच. या वेळी मी दादांच्या दुकानात, त्यांच्या समोर बसून केलं. जुनी डिस्क बॅगेत, आणि बॅग मांडीवर!

"कुठला फॉरमॅट देऊ?" दादांनी विचारलं. मी म्हटलं, चांगला असेल तो द्या. ते हसले. "चांगला-वाईट नसतो मॅडम. डिस्क कोण कोण वापरणार, ते सांगा."

तर फंडा असा आहे.

एफएटी३२ हा म्हातारा. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आला. जुना टीव्ही, गाडीतला स्टिरिओ, कुणाशीही याचं जमतं. पण ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल याला झेपत नाही. लग्नाचा अख्खा व्हिडिओ टाकायला जाल तर 'फाइल टू लार्ज' म्हणून हात वर करेल. डिस्कमध्ये ढीगभर जागा असली तरी!

एनटीएफएस १९९३ चा, विंडोज एनटीबरोबर आलेला. विंडोजचा घरचा माणूस. मोठ्या फाइल घेतो. शिवाय जर्नल ठेवतो, म्हणजे काय बदल करायचाय त्याची आधी नोंद करतो आणि मगच बदल करतो. मध्येच वीज गेली तर सावरायला सोपं जातं. सगळं घर विंडोजवर असेल तर डोळे मिटून हाच घ्या. मॅकवर मात्र नुसता वाचता येतो.

एपीएफएस २०१७ पासून मॅकवर आहे. हा फक्त मॅकवाल्यांचा. विंडोजला तो ओळखूच येत नाही.

आणि एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणला, तो मुळात पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांसाठी. ४ जीबीची अडचण नाही, विंडोज आणि मॅक दोन्हींवर वाचता-लिहिता येतो. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा तपशील खुला केला आणि त्याच वर्षी तो लिनक्समध्येही आला. खोट एकच, याच्याकडे जर्नल नाही. लिहिणं चालू असताना वायर उपटली तर नोंदींचा घोटाळा होऊ शकतो. म्हणून 'इजेक्ट' करूनच काढायची, आळस करायचा नाही.

माझ्याकडे मॅक, बाबांकडे पुरानंतर घेतलेला विंडोजचा लॅपटॉप, गुहागरच्या आत्याच्या नातवाकडे काय असेल ते देव जाणे. म्हणजे एक्सफॅट. स्कीम विचारली, तिथे 'जीयूआयडी' निवडलं. विंडोजमध्ये यालाच जीपीटी म्हणतात. जुनी एमबीआर पद्धत साधारण दोन टीबीच्या पुढची जागा मोजूच शकत नाही. 'अ‍ॅलोकेशन युनिट साइज' वगैरे जे विचारतं, ते जसं येतं तसंच ठेवायचं. आणि नाव? या वेळी घाई केली नाही. 'चिपळूण २'. दुकानातच मार्करने डब्यावरही लिहून टाकलं.

कचऱ्यातून सोनं (आणि एक्स!)

दादांनी 'फोटोरेक' नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावलं. ते यादीच्या नादाला लागत नाही. डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचत जातं आणि फाइलची ओळखीची सुरुवात शोधतं. प्रत्येक जेपेग फोटोची सुरुवात ठरावीक खुणेने होते. ती दिसली की तिथून पुढचा मजकूर उचलायचा. अख्खी रात्र मशीन चालू होतं.

सकाळी नव्या डिस्कवर फोल्डरची रांग. प्रत्येकात पाचशेपर्यंत फाइल. आणि त्यात काय काय म्हणून! सेकंड इयरचं फुटेज. वेबसाइटची चिमुकली चित्रं. कधीकाळी डिलीट केलेले मीम. आणि माझ्या एक्सचे फोटो. २०१९ मध्ये मी ते समारंभपूर्वक डिलीट केले होते, रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली होती. तिथल्या तिथे, दादांसमोर, पूर्ण स्क्रीनभर, गोव्याच्या बीचवर हसतोय!

विनोद सोडा, पण यातून एक धडा मिळाला. डिलीट केलं म्हणजे गेलं, असं नसतं. उद्या जुनी हार्ड डिस्क विकणार असाल किंवा ऑफिसला परत देणार असाल, तर क्विक फॉरमॅटवर विसंबू नका. नुसता सातबारा फाडलेली जमीन घेणारा, तुमच्यासारखाच, एका रात्रीत मोजणी करून घेऊ शकतो.

त्या ढिगातून मी आजीचे फोटो वेचले. तीन आठवडे रोज रात्री तेच काम. शेवटी १,१८७ मिळाले. काही अर्धेच. वर चेहरा आणि खाली नुसता राखाडी पट्टा. दोनशेच्या वर गेले ते गेलेच.

पण खरा लोचा वेगळाच होता. फोटो परत आले, त्यांची नावं आली नाहीत. फाइलचं नाव फोटोच्या आत नसतं, ते यादीत असतं. फोटोरेकने दिलेली नावं म्हणजे नुसता एफ आणि पुढे लांबलचक आकडा. मोबाइलने काढलेल्या फोटोत तारीख तरी लपलेली असते. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोत तीही नाही. आजीने शेजारी बसून सांगितलेलं सगळं त्या ४० जीबीखाली गेलं होतं.

६९ जीबी गेले कुठे?

शिमग्याला घरी गेले ती नवी डिस्क घेऊनच. बाबांच्या लॅपटॉपला लावली. एक्सफॅट असल्यामुळे विनातक्रार उघडली. बाबांनी आधी डब्यावरचा आकडा वाचला, मग स्क्रीनवरचा. "एक टीबी म्हणजे हजार जीबी ना? इथे ९३१ दाखवतंय. ६९ जीबी कुठे गेले? फसवलंन तुला!"

फसवलं नव्हतं. कंपनी मोजते हजाराच्या पटीत. एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. विंडोज मोजतं १०२४ च्या पटीत. एक लाख कोटीला तीनदा १०२४ ने भागा, उत्तर येतं ९३१. मॅक २००९ पासून हजारानेच मोजतो, म्हणून माझ्याकडे पूर्ण एक टीबी दिसत होता. जागा तीच, माप वेगळं.

"असं सांग ना," बाबा म्हणाले. "सातबाऱ्यावर हेक्टर-आर आणि लोकांच्या तोंडी एकर-गुंठे. जल्माचं भांडण!"

चौकट: फॉरमॅट मारण्याआधी

• जी डिस्क फॉरमॅट करायची तेवढीच लावा. बाकी पेनड्राइव्ह, कार्ड, जुन्या डिस्क, सगळं काढून ठेवा. मी एवढं केलं असतं तर हा लेखच झाला नसता.

• नाव बघू नका, क्षमता बघा. नावं सारखी असू शकतात. ५०० जीबी आणि एक टीबी सारखे नसतात.

• मॅकच्या डिस्क युटिलिटीत 'व्ह्यू' मेनूमधून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा. मगच अख्खी डिस्क दिसते आणि स्कीम निवडता येते.

• नव्या डिस्कवर आधीपासून काय आहे ते एकदा उघडून बघा. कंपनीची सॉफ्टवेअर हवी असतील तर आधी कॉपी करा.

• डिस्क लावल्यावर विंडोजने 'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क' असं विचारलं तर हात आवरा. डिस्क नवी असेल तर ठीक. पण तिच्यात डेटा असताना हा प्रश्न आला, तर एकतर ती मॅकवर फॉरमॅट केलेली आहे किंवा तिची यादी बिघडली आहे. 'कॅन्सल' करा आणि आधी माहीतगाराला दाखवा.

• चुकून फॉरमॅट झालंच, तर तिच्यावर एक अक्षरही लिहू नका. रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा तिच्यावर इन्स्टॉल करू नका. टकटक आवाज येत असेल आणि डेटा जिवापाड असेल, तर घरगुती प्रयोग न करता थेट रिकव्हरीवाल्यांकडे जा.

• नवी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. सगळं नव्या डिस्कवर टाकून जुनी पुसली, तर प्रत पुन्हा एकच! पीटर क्रॉग नावाच्या फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम लक्षात ठेवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.

ही कोण?

तो 'एक दुसऱ्या ठिकाणी' वाला भाग मला पूर्वी अतिशहाणपणा वाटायचा. पण 'टॉय स्टोरी २' हा पिक्चर तेवढ्यानेच वाचला होता. १९९८ मध्ये एका चुकीच्या कमांडने त्याच्या फाइल भराभर पुसल्या गेल्या आणि स्टुडिओचा बॅकअप नीट चालतच नव्हता. गॅलिन सुसमन ही त्यातली तंत्रविभागाची प्रमुख बाळंतपणामुळे घरून काम करत होती. तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत सापडली. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? चिपळूणमध्ये ज्यांच्या कपाटात अल्बम होते आणि त्याच कपाटात निगेटिव्हही होत्या, त्यांना विचारा.

असो. शिमग्याचे पाच दिवस आम्ही एकच काम केलं. पालखी येऊन गेली की मी आणि बाबा लॅपटॉपसमोर बसायचो. मी फोटो उघडायची, बाबा चष्मा कपाळावर नेऊन नाक स्क्रीनला लावायचे. "हा आमचा जुना वाडा, मागची बाजू. हे सर्कल इन्स्पेक्टर, फार चांगला माणूस. ही तुझी आत्या, आणि ही शेजारची, हिचं लग्न मुंबईला झालं." मी टाइप करायची. या वेळी कंटाळा आला नाही.

मधेच आई स्वयंपाकघरातून यायची आणि बाबांची चूक काढायची. "ते केळवण नाही हो, डोहाळजेवण आहे. हिरवी साडी दिसत नाही का?" मग त्या नावाची फाइल पुन्हा बदलायची.

एका फोटोपाशी बाबा अडले. एसटी स्टँड, मागे लाल गाडी, पुढे ट्रंकेवर बसलेली एक तरुण बाई. कॅमेऱ्याकडे बघून मोकळं हसणारी. आमच्या घरातल्या कुणासारखीच नाही.

"ही कोण?"

बाबा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "आईला माहीत असणार."

२०१८ मध्ये आजीने याचं नाव सांगितलं होतं. मी किंवा माझ्या भावाने ते टाइपही केलं होतं. काय केलं होतं, ते काही केल्या आठवत नाही.

असे एकूण ४३ फोटो निघाले. त्यांच्यासाठी वेगळा फोल्डर केला. नाव ठेवलं, 'बाबांनाही माहीत नाही'. चौथ्या दिवशी गुहागरची आत्या आली आणि तिने त्यातले १९ ओळखले. ट्रंकेवरच्या बाईला मात्र तिनेही ओळखलं नाही. तिने सुचवलं, पालशेतला आजीची एक मैत्रीण आहे, नव्वदीची, पण डोकं खणखणीत. तिला दाखवू.

आता प्रती तीन आहेत. एक माझ्याकडे पुण्यात, एक क्लाउडवर आणि एक गुहागरला आत्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात. ३१ मार्चला 'वर्ल्ड बॅकअप डे' असतो, २०११ पासून पाळतात म्हणे. मला पूर्वी अशा दिवसांचं हसू यायचं. यंदा त्याच दिवशी आत्याची डिस्क तयार केली. फॉरमॅट मीच केला. एकटीने, एकच डिस्क लावून, क्षमता मोठ्याने वाचून.

पालशेतला अजून जाणं झालेलं नाही. पुढच्या महिन्यात जायचंय. डिस्क बरोबर नेणारच. पण आत्या म्हणाली, त्यांना स्क्रीनवर नीट दिसायचं नाही, त्यापेक्षा कागदावर मोठे प्रिंट काढून आण.

तेही काढून ठेवलेत. २४ फोटो.